ऊब किती उंचीवर टांगावी

कुवेतमध्ये मी गारवा विकतो. एसीचे सुटे भाग, कॉम्प्रेसर, पंख्याच्या मोटारी, तांब्याच्या नळ्या. उन्हाळ्यात माझ्या दुकानासमोर माणसं दवाखान्यासमोर उभी राहावीत तशी उभी असतात. हिवाळ्यात दुकान पेंगतं आणि त्याच्याबरोबर मीही. डिसेंबर सरता सरता आमच्या सलवा वस्तीत सकाळचं धुकं उतरतं. समोरच्या मशिदीचा मनोरा अर्धाच दिसतो, गाड्या पाण्याखालून चालल्यासारख्या सावकाश जातात, आणि आपण जागे आहोत की नाही हे चहा पोटात जाईपर्यंत नक्की कळत नाही. कुवेत म्हणजे नुसती भट्टी अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना इथला जानेवारी सांगून पटत नाही. इथली घरं उन्हाळ्याच्या धास्तीनं बांधलेली असतात, फरशी, जाड भिंती, लहान खिडक्या. एकदा का थंडी त्यांत शिरली, की तिला बाहेर जायला वाट सापडत नाही.

आमच्या फ्लॅटमध्ये पूर्वीपासून तीन पेट्या होत्या. स्टोरेज हीटर हे त्यांचं खरं नाव, पण आम्ही पेट्याच म्हणायचो. गुडघ्याच्या वर येतील अशा लोखंडी पेट्या, भिंतीला पाठ लावून बसलेल्या, आणि त्यांच्या पोटात काळसर, जड विटा. रात्रभर वीज त्या विटा तापवायची आणि दिवसभर त्या आपली ऊब सोडत राहायच्या. कुठल्याशा थंड देशात रात्रीची वीज स्वस्त असते म्हणून ही युक्ती निघाली म्हणे. इथे वीज रात्री काय, दिवसा काय, एकाच भावाची. त्यामुळे या पेट्यांना इथे काही अर्थ नव्हता. पण आम्ही राहायला आलो तेव्हा त्या होत्या, आणि आम्ही त्यांच्याबरोबर राहिलो.

माझी मुलगी याच फ्लॅटमध्ये, असल्याच एका जानेवारीत, हॉस्पिटलमधून दुपट्यात गुंडाळून आली. मी तेव्हा एसीच्या डक्टच्या कामावरून नुकताच स्वतःच्या धंद्यात पडलो होतो. बायकोच्या आईचा व्हिसा झाला नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्या महाडकडे कुणी ठरवत नाही, ते असतंच. पण बायकोला ते मिळालं नाही. तिचं माहेर म्हणजे बेडरूममधली पेटी. तिच्यावर ती दुपटी पसरायची, ऊन झाली की बाळाला गुंडाळायची, आणि पेटीला पाठ टेकून डोळे मिटून बसायची. मी दुकानातून आलो की हे दृश्य दिसायचं. पेटीतून विटा तडतडल्याचा बारीक आवाज यायचा. तो आवाज ऐकत मीही बूट न काढता खाली बसायचो आणि तिथेच पेंगायचो. त्या हिवाळ्यातलं मला दुसरं काही आठवत नाही, फक्त गरम लोखंडाचा आणि बाळाच्या तेलाचा एकत्र वास.

मग मुलगी मोठी झाली, इंग्रजीत उत्तरं देऊ लागली, शिकली, आणि तिचं लग्न पुण्याच्या इंजिनियर घरात झालं. जावई तेल कंपनीत, व्याहीही तेल कंपनीत. एगैला नावाच्या वस्तीत त्यांचं कंपनीचं घर, मध्यवर्ती यंत्रणेवर चालणारं. भिंतीवरचं बटण फिरवलं की सगळ्या खोल्यांत सारखी ऊब. इकडे आमच्या दोन पेट्या मेल्या होत्या. तिसरी पहाटे गरम असायची आणि आपल्याला तिची गरज लागेपर्यंत, म्हणजे संध्याकाळी, रिकामी झालेली असायची.

विहीणबाई एकदा जानेवारीत आमच्याकडे जेवायला आल्या. त्यांच्या अंगावर एक मोतिया रंगाची शाल होती. दारात घट्ट लपेटून घेतलेली ती शाल त्यांनी जेवताना काढली नाही, पान खाताना काढली नाही, फोटो काढतानाही काढली नाही. माझा पहिला राग त्या शालीवर. एखाद्या गिऱ्हाइकानं दुकानात येऊन नाकाला रुमाल लावावा, तसं मला झालं.

दुसरा राग डोहाळजेवणाचा. ते एगैलाला त्यांच्या घरी झालं. मुलगी हिरव्या साडीत, डोक्यात फुलं, अंगणाऐवजी बाल्कनीत बांधलेला झोपाळा. सगळं छान चाललं होतं. मग विहीणबाई हातात जिलेबीचं ताट घेऊन, सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "बाळंतपण इथेच होऊ दे, असं मी म्हणते. इथे कशी सगळीकडे सारखी ऊब असते. भाऊंचा धंदाही गारव्याचा, आणि घरही तसंच."

बायका हसल्या. माझी बायकोही हसली, ते जास्त लागलं. मी जिलेबी ताटातच ठेवली आणि सांगितलं, बाळंतपण माहेरीच होईल. आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला. झोपाळ्यावरची मुलगी झोके घ्यायची थांबली.

घरी येताना गाडीत बायकोनं केसांतला गजरा काढून मांडीवर ठेवला. समुद्राच्या बाजूनं येताना धुकं रस्त्यावर आलं होतं, दिवे कापसात बांधल्यासारखे दिसत होते. मग ती म्हणाली की तिला एवढंच हवंय, आपल्याला जे मिळालं नाही ते मुलीला मिळावं. सकाळी कुणीतरी अंगाला तेल लावावं, कुणीतरी शेकावं, कुणीतरी दार लोटून घेऊन म्हणावं की नीज आता, मी आहे. त्यापुढे माझा राग मला जरा लहान वाटला. पण मी तो टाकला नाही. जपून ठेवला.

पेट्या काढून त्यांच्या जागी विजेचे पॅनेल हीटर लावायचे, असं मी ठरवलं. पांढऱ्या, सपाट पाट्यांसारखे असतात ते. बटण दाबलं की तापतात, खोली ऊबदार झाली की आपोआप थांबतात. पण पेट्या घरमालकाच्या. त्याला विचारल्याशिवाय भिंतीला हात लावता येत नाही. मालक गल्लीपलीकडे राहतो. वयस्कर कुवेती, त्याचे वडील खजुराची जहाजं घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळे तो जुन्या वळणाचं, लाघवी हिंदी बोलतो आणि त्या हिंदीत माणसाला सहज गुंडाळतो. त्याच्याशी भांडून मी आजवर पाण्याची टाकी, लिफ्टचा पंखा आणि पार्किंगची सावली मिळवली आहे. या वेळीही मी तयारीनं गेलो. आधी पेट्या किती धोक्याच्या झाल्यात ते सांगायचं, मग नवे हीटर त्यानंच बसवून द्यावेत असं म्हणायचं, मग रागावून उठायचं, दारापर्यंत जायचं, आणि मग मधल्या वाटेवर यायचं.

त्यानं मला मधल्या वाटेवर येऊच दिलं नाही. चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ने काढून. फक्त विटा मला दे.

मी सावध झालो. माझ्या धंद्यात एखादा माणूस भंगारातली एकच वस्तू मागतो, तेव्हा त्या वस्तूत काहीतरी असतं. जुन्या विटांत काय असणार ते मला कळेना, म्हणून मी त्यांच्यावर हक्क सांगितला. इतकी वर्षं मी त्या सांभाळल्या, निम्म्या माझ्या. मला एकही वीट नको होती. पण तोंड चालूच राहिलं, काढायची मजुरी, उचलायचा त्रास, लिफ्टचं वजन. तो ऐकत होता आणि मिशीत हसत होता.

मग त्यानं सांगितलं. तरुणपणी तो शिकायला इंग्लंडमध्ये होता. तिथे त्याच्या भाड्याच्या खोलीत अशी एक पेटी होती. बाहेर बर्फ आणि आत तो त्या पेटीला चिकटून बसलेला. परत येऊन लग्न झालं, ही इमारत बांधली, तेव्हा आमचाच फ्लॅट त्यानं स्वतःसाठी ठेवला आणि तशाच पेट्या मागवल्या. सगळे नातेवाईक हसले. बायको मात्र हिवाळाभर तिथे पाय लावून बसायची. ती आता नव्हती. दर हिवाळ्यात तो वाळवंटात तंबू ठोकतो, तिथे चुलीभोवती त्याला त्या विटा मांडायच्या होत्या.

"माझं लग्नाचं पहिलं वर्ष आहे त्यात," तो म्हणाला. "तुला दोन देतो. दोन पुरे."

मी दोनवर हो म्हटलं. बाहेर येऊन गल्ली ओलांडताना लक्षात आलं की नवे हीटर कुणी घ्यायचे हे बोलायचं राहूनच गेलं. म्हणजे ते मीच घ्यायचे होते. असा सौदा माझ्या हातून कधी झाला नव्हता, आणि तरी मला राग येत नव्हता. धुक्यात उभं राहून मी थोडा वेळ रागाची वाट पाहिली.

पेट्या काढायला आमच्या दुकानातला फिटर आला. झाकण उघडलं, आतलं जुनं आवरण त्यानं तोंडाला मास्क लावून पिशवीत भरलं, मग एकेक वीट बाहेर आली. हातात घेतली की खांदा खाली ओढला जाई. मेलेल्या पेट्यांतल्या तर कितीतरी आठवडे न तापलेल्या होत्या, तरी मला त्या कोमट लागल्या. पेटी भिंतीपासून सुटली तेव्हा मागे जुन्या रंगाचा चौकोन दिसला, पिस्त्याचा रंग. आम्ही कधी न पाहिलेला, आमच्या आधीच्या जोडप्याचा. बेडरूमच्या पेटीमागे एक दुपटंही निघालं. इस्त्री केल्यासारखं सपाट, कडेनं भाजून तांबूस झालेलं.

बायकोनं ते उचललं, झटकलं आणि उजेडात धरून पाहिलं. "हे मी घरभर शोधलं होतं. तुम्ही दुकानात पुसायला नेलंत म्हणून तुमच्याशी भांडले होते."

"दोन दिवस बोलली नव्हतीस."

"आता बोलते आहे ना."

म्हणजे मी निर्दोष होतो. इतकी वर्षं निर्दोष होतो आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं दुपट्याची घडी केली आणि कपाटात, चांगल्या साड्यांखाली ठेवली.

नव्या पाट्या मी स्वतः निवडल्या, घाऊकवाल्याशी भांडून आणल्या. लावायच्या जागाही मीच आखल्या. शिडीवर चढलो, पेन्सिल कानामागून काढली, आणि इतकी वर्षं जिथे खूण करत आलो तिथेच हात गेला. फिटरनं भोकं पाडली, स्क्रू बसवले, पाट्या चढवल्या. बटण दाबलं. थोड्याच वेळात माझ्या कपाळावर, गालांवर ऊब उतरली. मी खोलीच्या मध्यभागी तोंड वर करून उभा राहिलो. उन्हात उभं राहावं तसं. डोळे मिटले तर मिटलेलेच राहावेत असं वाटत होतं. बेडरूममध्ये आम्ही जमिनीवर गादी घातली, कारण बाळंतिणीनं खाली निजावं, शेकायला, बाळाला घ्यायला सोपं जातं. नवी चादर, नवं मच्छरदाणीचं छत. मी बायकोला म्हटलं, आता बोलाव तुझ्या विहिणीला.

त्या संक्रांतीला आल्या. काळी साडी, हातात हलव्याचा डबा, आणि अंगावर तीच मोतिया शाल. मी त्यांना फिरवून सगळं दाखवलं. त्यांनी पाट्यांकडे मान वर करून पाहिलं आणि छान दिसतात म्हणाल्या. मग बेडरूममध्ये गादीवर बसल्या. बायकोनं हळदकुंकू लावलं, तिळाच्या वड्या दिल्या. दोघी बोलत होत्या, डॉक्टर काय म्हणाली, डिंकाचे लाडू कुणी करायचे. मी दाराशी उभा राहून एकच गोष्ट पाहत होतो. शाल. त्यांनी पाय साडीखाली ओढून घेतले. मग शाल गुडघ्यांवरून पसरली. मग एकदा, बोलता बोलता, तळहात फरशीवर टेकवला आणि उचलून घेतला.

बाहेर पडताना त्या काही बोलल्या नाहीत. मी त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेलो. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, मलाही बोलता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. आवाज सांभाळून, कडेकडेनं चालल्यासारखा.

"बाबा, आय थिंक मी इथेच राहते. आई म्हणाल्या खाली गार लागतं. इट्स ओके, रिअली."

"कुठली आई?" मी म्हटलं. "तुझी आई इथे स्वयंपाकघरात आहे. ती तर काही म्हणाली नाही."

मग मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. पुण्याचे लोक, कंपनीची घरं, इंग्रजी शाळा, सगळं त्यात आलं. फोन मी आदळूनच ठेवला. पाटी मात्र भिंतीवर शांतपणे तापत होती.

बायको ओले हात पदराला पुसत बाहेर आली. तिनं काय झालं ते विचारलं नाही. बेडरूममध्ये बोलावलं.

"जरा खाली बसा," ती म्हणाली.

"कशाला?"

"बसा तर."

मी गादीवर बसलो. ती म्हणाली, आडवे व्हा. मी आडवा झालो. फरशीची थंडी गादीतून वर येऊन पाठीला भिडली, जुन्या विहिरीच्या काठावर झोपल्यासारखी. मी उठून बसलो तर थंडी कमरेपर्यंत. उभा राहिलो तर चेहऱ्यावर ऊब. तिनं स्टूल पुढे सरकवलं. मी स्टुलावर चढलो आणि माझं डोकं छताजवळ गेलं. तिथे महाडचा वैशाख होता. पाटीतून निघालेली सगळी ऊब वर चढून छताखाली अंग पसरून पडली होती. जिथे कुणी निजणार नव्हतं अशा जागी.

मी पाट्या एसीसारख्या टांगल्या होत्या. गारवा वरून सोडायचा असतो, तो आपला आपण खाली येतो. आयुष्यभर मी तेच केलं. ऊब वर जाते, हे पोरांनाही माहीत असतं, मलाही होतं. पण हाताला माहीत नव्हतं.

"तुला कळलं होतं?" मी स्टुलावरूनच विचारलं.

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही डोळे मिटून उभे होतात. इतके खूश होतात की माझ्याच्यानं बोलवेना." मग स्टूल धरून, "आणि बोलले असते तर ऐकलं असतंत?"

मी खाली उतरलो. या प्रश्नाला उत्तर देण्यापेक्षा फिटरला फोन करणं सोपं होतं. त्याच दिवशी पाट्या खाली आल्या, फरशीपासून हातभर वर, खिडकीचे पडदे आखूड करून. वरच्या भोकांत स्क्रू तसेच राहिले. ते काढायला मी त्याला सांगितलं नाही. माझा विचार होता की पुढे कधी रंग काढू तेव्हा बघू. खरं म्हणजे त्याच्यासमोर त्या भिंतीकडे पाहायचं नव्हतं.

पाट्या उतरल्या, पण मुलगी कशी यायची? मी फोन करणार नव्हतो. विहीणबाईंना तर नाहीच. बायकोनं केला. ती बराच वेळ हं हं करत राहिली आणि मग फोन बाजूला धरून मला निरोप दिला. मुलगी म्हणते, शुक्रवारी दुपारी येते. पण त्याआधी बाबांनी तिथे, खालच्या गादीवर, मोजे न घालता झोपून दाखवायचं. मग ठरवू.

"ही अट कुणाची? तिच्या सासूची?"

"तिचीच. तुमची मुलगी आहे."

हे मला आवडलं, पण मी तसं दाखवलं नाही. मोजे न घालण्यावर मी थोडी हुज्जत घातली. सवयीनं.

शुक्रवारी दुपारी जेवून मी त्या गादीवर आडवा झालो. खिडकीबाहेर धुळीचं पांढुरकं आभाळ होतं, ऊन त्यातून दुधासारखं गाळून येत होतं. दुपारची नमाज आटोपून माणसं गल्लीतून परतत होती, त्यांच्या चपलांचे आवाज दूर जात होते. पाटी जवळच होती. तिच्यातून आवाज येत नाही, विटांसारखी ती तडतडत नाही. मधूनच टक् करते आणि थांबते, पुन्हा टक् करते. ऊब फरशीवरून सरपटत आली, आधी तळव्यांना लागली, मग पोटऱ्यांना. मला वाटलं, पेट्यांची ऊब वेगळी होती. ती आदल्या रात्रीची असायची, साठवलेली, थोडी शिळी, म्हणूनच कदाचित जवळची. ही आत्ताची आहे. या क्षणाची. बटण बंद केलं तर मागे काही उरणार नाही.

मग मी झोपलो. स्वप्नात मालकाचा तंबू होता. बाहेर वाळू धुक्यात बुडालेली, आत विटा गोल मांडलेल्या, आणि त्यांच्यावर कुणीतरी दुपटी वाळत घातलेली. माझी बायको तिथे पाठ टेकून बसली होती, तेव्हाच्या वयाची. तिच्या शेजारी एक अनोळखी बाई, पाय विटांना लावून. दोघी एकमेकींशी बोलत होत्या, पण एक अरबी बोलत होती आणि एक मराठी, आणि दोघींना सगळं कळत होतं. मी दारात उभा होतो. मला आत यायला कुणी सांगत नव्हतं आणि कुणी जा असंही म्हणत नव्हतं. मी बूट काढायला वाकलो, तर पाय आधीच अनवाणी होते.

जाग आली तेव्हा ऊन सरकलं होतं. पाय खरोखरच उघडे होते आणि गरम होते. शेजारी कुणीतरी श्वास घेत होतं. मुलगी आली होती. कधी आली, कळलं नाही. गादीच्या दुसऱ्या कडेला, कुशीवर, पोटाखाली उशी घेऊन ती गाढ झोपली होती. तिचेही मोजे काढलेले होते आणि गोळा करून उशाशी ठेवले होते. तोंड किंचित उघडं. लहानपणी पेटीजवळ झोपायची तशीच. मी हललो नाही. हललो असतो तर तिनं उठून काहीतरी इंग्रजीत सांगितलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. तिचा जबाब माझ्या शेजारी झोपला होता.

थोड्या वेळानं मी हळूच उठून खुर्चीवर बसलो. बायकोनं गॅसवर तव्यात आमच्या वाटणीची एक वीट तापत ठेवली होती. ती त्या जुन्या, कडेनं भाजलेल्या दुपट्यात गुंडाळून तिनं आणली आणि झोपलेल्या मुलीच्या पाठीशी, अंगाला भिडणार नाही अशा बेतानं ठेवली. मुलीनं नुसता सुस्कारा सोडला.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. विहीणबाई मुलीला न्यायला आल्या होत्या. मुलीनं डोळे न उघडता म्हटलं, "आई, त्यांना वर बोलाव ना. मी उठणार नाही."

त्या वर आल्या. शाल होतीच. बेडरूमच्या दारात आधी थबकल्या, सवयीनं भिंतीवर वर पाहिलं, मग खाली. मी खुर्चीवरून उठलो, या म्हटलं, आणि पुन्हा बसलो. त्या गादीच्या कडेला टेकल्या, सुनेच्या केसांवरून हात फिरवला आणि पाठीशी काय आहे म्हणून चाचपून पाहिलं.

"ही कसली वीट? मातीची तर नाही."

बायकोनं पेट्यांची गोष्ट सांगितली. मालकाच्या वाटणीची आणि आमच्या वाटणीचीही. माझा सौदा सांगताना ती हसली. विहीणबाईही हसल्या, पण माझ्याकडे बघून नाही. वीट दोन्ही हातांत घेऊन त्यांनी वजन केलं आणि तशीच मांडीवर ठेवली. म्हणाल्या, त्यांच्या आईनं त्यांना विटेनंच शेकलं होतं, सदाशिव पेठेतल्या अंधाऱ्या खोलीत. त्यानंतर विटेचा शेक कुठे पाहिला नाही. खोलीत नुसती पाटीची टक् ऐकू येत होती आणि मुलीचा श्वास.

मग त्या बायकोला म्हणाल्या, "सकाळचं शेकायला मी येत जाईन. तेल तुम्ही लावा. एकटीनं दोन्ही नाही व्हायचं तुम्हाला."

बायको माझ्याकडे न बघता हो म्हणाली. म्हणजे ठरलं. बाळंतपण इथेच, या गादीवर.

मला मात्र अजून एक गोष्ट हवी होती. डोहाळजेवणात सगळ्यांसमोर म्हणालेलं वाक्य त्यांनी मागे घ्यावं. निदान एवढं म्हणावं की घर ऊबदार आहे. मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो, दुकानात शेवटचा भाव काढून घेताना बसतो तसा. त्यांना ते कळत होतं, याची मला खात्री आहे. पुण्याच्या बाईला हे कळत नाही असं होत नाही. त्यांनी कपाळावर आलेले केस मागे सारले, गळ्याजवळचा काठ सैल केला, आणि एका खांद्यावरून, मग दुसऱ्या खांद्यावरून शाल काढली. घडी करून ती कुठे ठेवावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं. गादीवर वीट होती, मुलगी होती, बाळाचे कपडे होते.

"आणा इकडे, ताई," मी म्हटलं.

त्यांनी शाल दिली. हलकी होती, आणि चांगलीच गरम झालेली होती. वाक्य मागायचं मी सोडून दिलं. भिंतीशी जाऊन हात वर केला आणि पूर्वी पाटी टांगली होती त्या जागच्या, वर राहिलेल्या स्क्रूवर ती अडकवली.